डाव्या कानाशी

माझी जागा भाऊंच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागं.
उजवा कान गेला त्याला सात वर्षं झाली,
हे मला माहीत, आणि यवतमाळच्या एका डॉक्टरला.
काम सोपं आहे.
समोरचा माणूस हात जोडायच्या आत
मी त्याचं नाव कानात सोडतो :
गोमा नाईक, तांड्याचा. नात नर्सिंगला.
की भाऊ दोन्ही हात पसरतात,
“काय गोमा, पोट्टी झाली का नर्स?”
आणि गोमा पुढची पाच वर्षं तेवढ्यावर काढतो.

पूर्वी असं नव्हतं.
पूर्वी धुरळ्यातल्या जीपमधून भाऊच मला दाखवायचे,
मी मागं सतरंज्यांच्या ढिगावर :
तो बंडीवर उभा आहे ना, तो वामन इंगोले,
मुका आहे, पण भांडतो लय.
डायरी मी तेव्हा घातली.
तिच्यात आता अकरा हजार माणसं आहेत,
मेलेल्यांवर बारीक फुली.

पऱ्हाटी वेचणीला आली,
फॉर्म भरायची तारीखही आली,
आणि एसटी स्टँडवर एकच विषय : भाऊंनी थांबावं का.
पोरं म्हणतात थांबावं,
मोबाईलवरून मान न उचलता म्हणतात.
म्हातारे म्हणतात, बैल थकला म्हणून कोणी गोठ्याबाहेर काढतं काय?
रज्जाक टेलर मशीन न थांबवता म्हणाला,
“गोठ्यात ठेवा ना बापा,
जू कायले ठेवता मानेवर?”
मला कोणी विचारलं नाही.

परवा बोरगव्हाणला तेरवी होती.
रोडग्यांच्या गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत गेला
आणि मी एक पाऊल चुकलो.
भादरलेल्या डोक्याच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून
भाऊ म्हणाले, “जनार्दन दिसत नाही कुठं? बलाव त्याले.”
जनार्दन भिंतीला टेकून होता,
हार घातलेला, उदबत्तीच्या मागं.
भाजीची बादली घेतलेला वाढपी जागीच उभा राहिला.
पोरगा म्हणाला, “येतील भाऊ. तुम्ही जेवून घ्या.”

त्याला माया म्हणू की अपमान, अजून ठरत नाही.
एवढं कळलं, की सगळ्यांना माहीत आहे.
माझी कुजबुज ऐकू येत नाही असं
सारा तालुका मला दाखवत होता.

येताना अदानच्या पुलावर
भाऊंनी एकाएकी काच खाली घेतली.
“मैना आत्रामनं दिलते डिपॉझिटचे. अठ्ठ्याहत्तरले.
जिनिंगमधल्या बायांकडून जमा करून, अडीचशे.
पदराच्या गाठीत. एक नोट ओली होती.”
मी डायरी चाळली.
मैना आत्राम तिच्यात नव्हती.
“वापस केले का गा आपण?”
मी पंच्याऐंशीचा. म्हणालो, माहीत नाही भाऊ.
नोकरीत पहिल्यांदा.
“मंग कोणाले माहीत असन?”
पुढं दारव्ह्यापर्यंत दोघं गप्प.

उद्या अकराला तहसीलच्या पायऱ्या चढायच्या.
मी नुसतं तोंड मिटून उभा राहिलो
तर साडेअकरापर्यंत सगळं संपेल,
हे पक्षाला जमलं नाही, विरोधकांना जमलं नाही.
पण ते चाचपडतील, मान डावीकडे वळवतील,
आणि डावीकडे मीच असणार.

त्यापेक्षा आज रात्रीच सांगावं.
पण चाळीस वर्षांत माझा आवाज कुजबुजीचा झालाय.
मी म्हणेन, भाऊ, आता थांबा,
आणि ते कुणाचं तरी नाव समजून
दाराकडे हात पसरतील.

बायको विचारते, किती वाजता उठवू.
साडेपाच, म्हणतो.
डायरीच्या शेवटच्या पानावर लिहितो :
मैना आत्राम. अडीचशे.
गावाची जागा कोरी.
फुलीचं काय करायचं, कळत नाही.